नासपतीपासून रस्त्यापर्यंत

प्रिय झ्लात्का,

तू पाठवलेलं खोकल्याचं औषध पोचलं. बाबांनी नाक मुरडलं आणि मुकाट्याने घेतलं. ते ठीक आहेत. रोज सकाळी पायमोजे सापडत नाहीत म्हणून घर डोक्यावर घेतात, आणि ते पायांतच असतात. मी मात्र ठीक नाही गं. एकोणीस वर्षं या दोन खोल्यांत काढली, आता भिंती अंगावर येतात.

यंदाच्या थंडीने आपल्या द्राक्षवेली मेल्या. परवा त्या उपटल्या आणि माझा तिकोनी तुकडा पहिल्यांदा मोकळा दिसला. वाटणीचा दिवस आठवतो ना? तुझा चौकोन शंभर मीटर लांब, तीस रुंद, म्हणजे तीन डेकार. उभ्या वेलींतून मापाची काठी नेली तर बाग सुकते अशी आपल्या गावची समजूत, म्हणून माझा तुकडा बाबांनी कडेकडेनेच मोजला. रस्त्याची बाजू शंभर, ओढ्याकडची तिरकी बाजू शंभर, गुणाकार करून निम्मे. पाच हजार चौरस मीटर, पाच डेकार! सगळ्यांसमोर म्हणाले, "थोरलीला दोन डेकार जास्त. म्हातारपणी मला तीच बघणार." तू सही केलीस आणि स्पेनला गेलीस. फोनवर अजून टोचतेस, "मोठा वाटा तुझा ना ताई, मग भारही तूच उचल." वार्नाच्या शिवण कारखान्यातून तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा ते दोन डेकार दारात आडवे आले.

खरं सांगते, तिरकी बाजू म्हणजे उंची नव्हे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. शाळेत शिकलोच होतो आपण. वाटलं, थोडं कमी भरेल, इतकंच. शिवाय बाबांनी जन्मात पहिल्यांदा तुझ्यापेक्षा मला जास्त दिलं होतं. तोंड उघडवेना.

परवा रस्त्यासमोरच्या टोकावरल्या नासपतीच्या झाडाला दोरी बांधली आणि सरळ रस्त्यापर्यंत, काटकोनात, ओढत नेली. साठ मीटर भरली. शंभर गुणिले साठ, त्याचे निम्मे. तीन डेकार. तुझ्याइतकेच, बोटभरही जास्त नाही. मी बांधावर बसून आधी हसले, मग रडले.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते सूप पीत होते. मान वर न करता म्हणाले, "झ्लात्काला सांगू नकोस." म्हणजे त्यांना ठाऊक होतं! मी ओरडले तेव्हा म्हणाले, "अगं पोरी, तुला थांबवायला माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?" मला संताप आला आणि त्यांची कीवही आली. नुसतं विचारलं असतं तर मी थांबले असते का, हे मलाही सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र. दिमित्रोव्हदेनला, ऑक्टोबरअखेरच्या त्या सणाला, वर्षाचा करार संपून सालगडीसुद्धा मोकळे होतात. त्या दिवशी सकाळच्या बसने मी वार्नाला निघतेय, तिकीट काढलंय. आदल्या दिवशी तू ये. आपले वाटे सारखे आहेत, तर बाबाही निम्मे तुझे. पुढची एकोणीस वर्षं मागत नाही, पण बाबांना सांभाळायची तुझी वेळ आता सुरू होते. त्यांना उजव्या कानाने ऐकू येतं, त्या बाजूला बसत जा. पायमोजे आधी पायांत बघ.

तुझीच ताई,
नेदेल्का