चाळीस नंबरची नळी

प्रिय काडी,

रविवारी फोनवर तू माझ्याकडे एक गोष्ट मागितलीस आणि मी 'दूध उतू जातंय' म्हणून घाईने फोन ठेवला. दूध वगैरे काही नव्हतं. माझ्या घरात दूध असतंच कधी, चहासुद्धा मी कोरा पिते. ओट्याला टेकून नुसती उभी होते. तुला जे उत्तर द्यायचंय ते फोनवर देता आलं नसतं. अर्धं माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं आणि उरलेल्या अर्ध्याच्या आत तूच माझी समजूत काढायला लागली असतीस. तुझी ती खोडच आहे. म्हणून लिहिते आहे. तुझी लेक, आपली पैलवान, शाळेत गेली की वाच आणि मध्ये थांबू नकोस. तिच्या हाताबद्दल आहे.

तुला आठवतं, आपल्या शिंपीकाकांनी एकदा आपली मापं लिहिताना मान हलवून म्हटलं होतं, दोघींना मिसळून पुन्हा निम्मं निम्मं केलं तर दोन छान मुली होतील? तू खो खो हसलीस. मीही हसले, आणि घरी येऊन न्हाणीघरात रडले. मी ढब्बू, तू काडी. आई माझ्या ताटातलं काढायची आणि तुझ्या ताटात वाढायची, दोन्ही प्रेमानेच. पुढे मी चरबीवरच संशोधन करायचं ठरवलं तेव्हा बाबा म्हणाले, बरं झालं, कच्चा माल घरचाच आहे. त्या माणसाच्या थट्टेला कधी धार नसायची, पण मी मनात गाठ मारली होती. जाड माणसाकडे बघून लोक जे निदान करून मोकळे होतात, ते खोटं पाडायचं. काडी, पंधरा वर्षं मी हेच सांगत फिरले. माणसाचं शरीर डोळ्यांनी मोजू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

माझं काम तुला कधी धड सांगितलं नाही, कारण तू पहिल्या वाक्याला जांभई देतेस. आज ऐक. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, त्या कोठीच्या खोल्या असतात, अगदी बारीक. आपण खाल्लेलं जास्तीचं तिथे ठेवलं जातं. काहींच्या अंगात या खोल्या भरत आल्या की नव्या बांधल्या जातात. तो माणूस जाड दिसतो, पण सगळं जागच्या जागी असतं. काहींच्या अंगात मुळात खोल्याच थोड्या, आणि नव्या होत नाहीत. मग त्याच फुगतात, दाटतात, आणि एक दिवस घ्यायचंच बंद करतात. मग साखर रक्तात तशीच फिरत राहते. वरून माणूस शिडशिडीत दिसेल, कुणाला शंकाही येणार नाही. पोटात बाळ असलं की हे सगळं आणखी ताणलं जातं. आईच्या रक्तातली साखर बाळाकडे जाते आणि बाळ नको तेवढं वाढतं, खांद्यांना आणि पोटाला जास्तच.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवं यंत्र आलं. या खोल्यांचा आकार ते एकेक करून मोजतं. शीतपेटीत जपलेले चरबीचे जुने तुकडे आम्ही बाहेर काढले. चाळीस तुकडे साखर वाढलेल्या गरोदर बायकांचे, चाळीस निरोगी गरोदर बायकांचे. नळ्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. आमच्या आकडेवाल्या बाईंनी पडद्यावर सगळे ठिपके मांडले. निरोगी गटाचा एक ठिपका त्याच्या भावंडांना सोडून सरळ आजारी गटात जाऊन बसलेला. बाई म्हणाल्या, ही बाई चुकून या घोळक्यात आलीय, हिला वगळू या का, चित्र कसं स्वच्छ दिसेल. चाळीस नंबर. मी म्हटलं, उद्या बघू. मला नाव शोधायची गरज नव्हती. त्या नळीवरची चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे आणि ती लावताना तू शेजारच्या पलंगावर पडल्या पडल्या माझ्या हस्ताक्षराची टिंगल करत होतीस.

पैलवान तेव्हा तुझ्या पोटात होती. बेंबीशेजारी सुई घालून डॉक्टर चरबी शोधत होते आणि ती सापडत नव्हती. तू म्हणालीस, डॉक्टर, हिची घ्या, हिला कमी पडणार नाही. डॉक्टरसुद्धा हसले. तो दुपारचा भाग तुला आठवत असेल. सकाळचा आठवतो का? निरोगी गटात घेण्याआधी साखरेची तपासणी करावी लागते. उपाशीपोटी रक्त, मग ते गोडमिट्ट पाणी पेलाभर, मग तासाने रक्त, दोन तासांनी पुन्हा रक्त. तू नाक धरून पेला रिकामा केलास आणि वीस मिनिटांत माझ्या खोलीतल्या बेसिनमध्ये सगळं ओकलीस. सगळं, काडी. मी तुझी पाठ चोळली, तोंड धुवायला पाणी दिलं, बेसिन पुसलं. तू विचारलंस, आता पुन्हा प्यावं लागेल का गं? मी म्हटलं, छे, बस इथे गप्प, आणखी दोनदा टोचते आणि सोडते तुला.

नियम असा आहे की ओकारी झाली तर तपासणी रद्द. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. हे मला माहीत होतं, तो नियम वहीत मीच लिहिला होता. पण आमच्याकडे एकोणचाळीस झाल्या होत्या आणि शुक्रवारी गट बंद करायचा होता. तुला दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी यावं लागलं असतं, तू वैतागली असतीस, एवढंच. आणि खरं सांगू? मी तुझ्याकडे बघितलं. लांबसडक हात, सहाव्या महिन्यातही मागून कळणार नाही अशी पाठ. मनात आलं, हिला कसली साखर! शिंपीकाकांनी बघितलं असतं तसंच मी तुला बघितलं. साखर पोटात राहिलीच नव्हती, तर ती रक्तात चढणार कुठून? दोन्ही वेळचे आकडे छान आले. मी अहवालावर सही केली. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी ती सही बघून म्हटलं, बहिणीनेच केलंय, मग मी पुन्हा कशाला करू.

मी हे इतकंच सांगून थांबले तर चूक झाली असं होईल. चुका सगळ्यांच्या होतात, तू मला माफही करून टाकशील. पण तेवढंच नाही. मला हे गेल्या महिन्यात कळलेलं नाही.

ती जन्मली त्या दिवशी वजनकाट्यावर चार किलो सातशेचा आकडा दिसला आणि सगळे हसले. तुझे अहो म्हणाले, पैलवान आलाय पैलवान, आणि मुलगी असून तेच नाव चिकटलं. मी हसले नाही. खांदा अडकला होता, ओढून काढावं लागलं, उजवा हात लुळा पडून होता. दाराशी उभ्या राहून नर्सबाई मला सांगत होत्या की आईने नीट जोर दिला नाही, घाबरून गेली, म्हणून असं झालं. तू आतून ते ऐकलंस. मला बेसिन दिसत होतं. तासाभराने मी कामावर जाऊन तुझा कागद बाहेर काढला, ते आकडे पुन्हा वाचले, आणि कागद होता तिथे ठेवून दिला. साडेतीन हजार ग्रॅमची असती तर खांदा अडकलाच नसता असं छातीठोक कुणी सांगू शकणार नाही, मीही नाही. पण साखर कळली असती तर तुला पथ्य दिलं असतं, औषध दिलं असतं, बाळाचं माप घेत राहिले असते, कदाचित आधीच ऑपरेशन ठरवलं असतं. तुला कुणी त्या खोलीत तसं एकटीला जोर लावायला सोडलं नसतं.

संध्याकाळी तू मला विचारलंस, ताई, माझंच चुकलं का गं? मी म्हटलं, असू दे, होतं असं कधी कधी. सात वर्षं मी त्या वाक्यावर काढली आहेत. 'नाही' हा एक शब्द होता. तो म्हटला असता तर तू पुढे विचारलं असतंस, मग कुणाचं?

तुमच्या जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. रोज शाळेतून आली की ती व्यायाम म्हणून उजव्या हाताच्या बोटांनी भिंतीवर चढते आणि तू तिच्या कोपराला आधार देऊन उभी असतेस. जिथवर बोटं पोचली तिथे रेघ. गेल्या दोन वर्षांत रेघ खांद्याच्या वर सरकलेली नाही. मागच्या वेळी मी आले तेव्हा ती मला म्हणाली, मावशी, मी वर्गात डावा हात वर करते, बाईंना चालतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तुला वाटलं मावशीचा जीव तिच्यात अडकलाय. तसा तो आहेही, पण चोराच्या मनात चांदणं असतं ते निराळंच. आणि तू? तू प्रत्येक रेघ ओढताना मनातल्या मनात जोर देतेस, मला दिसतं. नर्सबाईंचं ते वाक्य तू अजून फेडते आहेस, आणि मी मूग गिळून बघत बसले. थोडंफार बरंही वाटलं असेल मला, की दोष दुसरीकडे जाऊन बसलाय. हे लिहिताना हात थांबला होता, पण लिहिते.

काल मी आकडेवाल्या बाईंना सांगितलं की चाळीस नंबर वगळायचा नाही, आणि का ते सांगितलं. आमच्या संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीलाही लेखी कळवलं आहे. शोधनिबंध थांबेल, कदाचित माझं कामही. त्यांनी बोलावलंय पुढच्या आठवड्यात. त्याची काळजी तू करायची नाहीस, आणि आईला मी स्वतः सांगेन.

आता रविवारचं. तिसरा महिना लागला म्हणालीस, आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागलं. मग म्हणालीस, या वेळी मी सरळ ऑपरेशनच करून घेईन, मला जोर देता येत नाही ना. आणि वर म्हणालीस, ती साखरेची तपासणी मात्र ताई तूच कर, तुझ्या हातून झाली की मला धास्ती नसते. त्याचं उत्तर देते. माझ्याकडे येऊ नकोस. हे पत्र घेऊन तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सहाव्या महिन्याची वाट न बघता याच आठवड्यात तपासणी करून घे, त्यांना माझी सही खोटी होती म्हणून सांग. तुला जोर देता येतो, काडी, तू त्या दिवशी पुरेपूर दिला होतास. तुझं काहीही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. आणि त्या खोलीत पेला संपवल्यावर मळमळलं, ओकारी झाली, तर लाजू नकोस, मोठ्याने सांग. बेसिन कुणाला पुसू देऊ नकोस.

तू बोलवशील तेव्हा येणारी, न बोलावलंस तरीही तुझीच,
ढब्बू