सहावा स्पर्धक

३ मार्च
क्लबच्या कॉम्प्युटर-गो स्पर्धेचा फॉरमॅट ठरवायचं काम माझ्यावर आलं. एकमताने. बाकीचे तोपर्यंत घरी गेले होते. गो हा पटावरचा खेळ, पण यात माणसं खेळत नाहीत. आपापले प्रोग्रॅम पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून जागा घेरतात, आपण नखं खात बघायचं. माझाही प्रोग्रॅम आहे. पण न्याय म्हणजे न्याय, तिथे मी सख्ख्या बापाचं ऐकणार नाही.

बायको म्हणाली, या वेळी पहिल्या तिघांत आला नाहीस तर मागची खोली पोरीला. पोरगी आता दहावीला जाईल, अजून टीव्हीसमोर अभ्यास करते. मी सांगितलं, ती खोली नाही, लॅब आहे. संशोधनाला शांतता लागते. पैज मात्र मान्य केली. खोली कुठे जातेय!

५ मार्च
ठरलं. नॉकआउट! हरला की घरी. सुटसुटीत.

६ मार्च
सहज म्हणून घरी चिठ्ठ्या टाकून पाहिल्या. पहिल्याच फेरीत माझी गाठ क्लबातल्या डेंटिस्टशी. दरवर्षी तोच जिंकतो. पुन्हा टाकल्या. पुन्हा डेंटिस्ट. नॉकआउट ही रानटी पद्धत आहे. एका डावात वर्षाची मेहनत पाण्यात! रद्द. डेंटिस्टला फोन केला तर म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर. काय हा गर्व!

९ मार्च
स्विस पद्धत. जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. तत्त्व उत्तम, पण स्पर्धक पाचच. थोड्या फेऱ्यांत गाठी घालायला कोणी उरत नाही. पोरगी म्हणाली, बाबा, मग सगळ्यांना सगळ्यांशी खेळव की. म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

१० मार्च
आंघोळ करताना एक अभिनव कल्पना सुचली. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं! प्रत्येकाशी दोन डाव, एकदा काळ्या घेऊन, एकदा पांढऱ्या, कारण काळ्याची पहिली खेळी.

१२ मार्च
पाच जण म्हणजे दर फेरीत एक रिकामा. सेक्रेटरी म्हणतात, बसू दे की. नाही! सहावा हवाच. जुनी डिस्क धुंडाळली आणि माझाच बारा वर्षांपूर्वीचा पहिला प्रोग्रॅम सापडला. नाव ठेवलं म्हातारबा. बिचारा सगळ्यांकडून सारखाच मार खाईल, याहून न्याय्य काय असणार? माझे दोन विजय पक्के होतात, तो निव्वळ योगायोग.

१४ मार्च
उद्यापासून माझ्या प्रोग्रॅमची कसून तयारी.

१५ मार्च
तयारी राहिली. गुणतक्ता रंगवत होतो. सुरेख झालाय.

१६ मार्च, दुपार
डेंटिस्टकडून दोन्ही डाव हरलो. अपेक्षितच. इतरांशीही थोडं इकडेतिकडे झालं. पण शेवटची फेरी म्हातारबाशी! दोन्ही डाव घेतले की तिसरा नंबर. सध्या त्या जागेवर म्हातारबाच बसलाय, तक्त्यात काहीतरी चूक असणार.

१६ मार्च, संध्याकाळ
तक्ता तीनदा तपासला. बरोबर आहे.

म्हातारबाने दोन्ही डावांत मला धुतलं. माझा नवा प्रोग्रॅम विचार करत बसला आणि त्याची वेळ संपली. म्हातारा आपला फटाफट खेळत होता. सगळा हॉल हसला. डेंटिस्ट नाही हसला, त्याचाच जास्त राग आला.

पण म्हातारबा कोणाचा? माझा! म्हणजे तिसरा मीच. घरी तसंच ठासून सांगितलं. बायकोने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, म्हातारबा कुठे बसून लिहिला होतास?

१७ मार्च
डायनिंग टेबलवरून लिहितोय. तेव्हाही इथेच बसायचो. पोरगी मांडीवर झोपायची आणि मी एका हाताने टाइप करायचो. आता जोमाने कामाला लागलो.

आतून पोरीने हाक मारली. बाबा, जरा हळू टाइप कर, अभ्यासाला शांतता लागते.