बेडकाला दिलेला चुना

प्रिय आबा,

तुमची डबी उघडत नाही. झाकणाखाली सुरी घालून झाली, उंबऱ्यावर आपटून झालं. आतला चुना दगड झालाय. स्वयंपाकघरातून आई म्हणते, मोडशील ती.

उद्या माझ्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. तुम्ही जिथं शिपाई होतात त्याच प्रयोगशाळेत. डबी जवळ असावीशी वाटली, म्हणून आईच्या ट्रंकेतून काढली. आणि मग हे पत्र. तुम्ही गेल्यानंतरचं पहिलंच.

माझी परीक्षा आठवते? ताटलीत मिठाचं पाणी, त्यात बेडकाचं हृदय. त्याला अडकवलेली काडी काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर डोंगर काढत होती. मग टेकड्या. मग सरळ रेघ. आठही टेबलांवर सरळ रेघ! आणि मी नापास झाले तर हातकणंगल्याचं स्थळ पक्कं करायचं, असं आत्यानं ठरवून ठेवलेलं.

पाणी तुम्ही केलं होतं. त्यात कॅल्शियम घालायला विसरला होतात. नंतर म्हणालात, तंबाखू सोडल्यापासून डोकं चालत नाही. आबा, खोटं बोलताना निदान गाल तरी रिकामा ठेवायचा!

तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. इकडंतिकडं पाहिलंत. टोपीतून डबी काढलीत.

“चुना कालव की पाण्यात. त्यात कॅल्शियमच हाय.”

जोतिबाच्या पायरीवर, आईसमोर सोडलेली तंबाखू. त्याला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. डबीबरोबर तुम्ही स्वतःची चोरीही बाहेर काढलीत, ते मला तेव्हा कळलं नाही. मी नखभर चुना कालवला, वरचं निवळ पाणी थेंब थेंब सोडलं. रेघ हलली. मग डबी आठही टेबलांवर फिरली.

परीक्षकांनी कारण विचारलं. मी सांगितलं, हृदयाच्या प्रत्येक पेशीत जाड आणि बारीक तंतू असतात. कॅल्शियम आलं की ते एकमेकांना धरून ओढतात, पेशी आखडते. कॅल्शियम मागं फिरलं की सोडतात. कमी असेल तर ओढ कमी. फार झालं तर सोडतच नाहीत, मूठ आवळलेलीच राहते.

त्यांनी मान हलवली. मग डबी हुंगली. थोड्या वेळानं तुम्ही दोघं व्हरांड्यात तळहातावर तंबाखू मळताना दिसलात.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगून टाकलं. का? हुशारी मिरवायला, दुसरं काय! आईनं तुमच्यापुढं हात पसरला. डबी देताना तुम्ही एवढंच म्हणालात, “बेडकाला चालतंय, मला न्हाय व्हय?”

आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. तुम्ही मात्र माझ्याशी नेहमीसारखेच बोललात. तेच जास्त लागलं.

उद्या पाणी मी स्वतः करीन. आणि डबी कुणाची, ते वर्गाला तुमच्या नावासकट सांगीन. आईला काही सांगणार नाही. या वेळी तरी.

तुमची चहाडखोर,
शालन

सकाळी डबी माझ्या पिशवीशेजारी होती. आई म्हणाली, रात्रभर गरम पाण्यात ठेवली होती. झाकण उघडलं. आत ताजा, ओला चुना भरलेला होता.