पाठमोरी व्हर्ना

लॉस एंजेलिस,
९ मार्च १९४१

आदरणीय ओपलताई,

एलवुडचा नमस्कार. तुम्ही पाठवलेली प्लमच्या मुरंब्याची बरणी न फुटता पोचली. तुमचा गुडघा आता कसा आहे? तासभर बसलं तर आखडतो का? केस अजून तपकिरीच आहेत ना? (मागच्या बाजूचे विचारतोय. पुढच्यांची चौकशी करण्याइतका मी आगाऊ नाही.) मी ठीक आहे. शाळेत जातो, वनस्पतिशास्त्र शिकवतो, घरी येतो.

सख्ख्या बहिणीच्या, व्हर्नाच्या, अंत्यविधीला येता आलं नाही हे मनाला लावून घेऊ नका. एक तर गुडघा, आणि सिनेमातल्या माणसांत उभं राहणं तुम्हाला रुचलं नसतं हेही मी जाणतो. विधी नीट पार पडला, म्हणजे जवळजवळ. बावीस जण आले, सगळे तिच्यासारखेच, पडद्यावर मागे उभे राहणारे. प्रत्येकाचा काळा पोशाख स्वतःचा आणि उत्तम शिवलेला, कारण ज्याच्याकडे कपडे चांगले त्याला काम आधी. पाद्रीबाबांनी स्तोत्र सुरू केलं तेव्हा बावीसही जणांचे ओठ हलले आणि आवाज एकाचाही आला नाही. (कॅमेऱ्यासमोर गर्दीने असंच बोलायचं असतं, नाहीतर नायिकेचं बोलणं बुडतं. सवय इतकी मुरलेली की त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.) मला गाता येत नाही, त्यामुळे पाद्रीबाबांनी चारही कडवी एकट्याने म्हटली. मग ते आमेन म्हणाले आणि कुणी जागचं हलेना. माती पडली, ऊन चढलं, पाद्रीबाबा टोपी घालून माझ्याकडे बघू लागले, तरी सगळे आपापल्या जागी उभे. शेवटी शेजारच्या झेल्माबाई फोगर्टी (मेजवानीच्या दृश्यांत श्रीमंत बाई होतात, घरी मात्र आमच्याकडून साखर नेतात) म्हणाल्या, "झालं, मंडळी. जेवायची सुट्टी." तेव्हा कुठे लोक निघाले. रडले ते मात्र खरं होतं. फार वेडंवाकडं रडले, त्यावरून मला कळलं.

तिच्या कामाबद्दल मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाही. अठरा वर्षांत ती चार जहाजांबरोबर बुडाली, एका राणीला तिने कोबी फेकून मारला आणि अगणित स्टेशनांवर परक्या माणसांना रुमाल हलवून निरोप दिला. बोलली एकदाही नाही. या जानेवारीत तिला पहिलं वाक्य मिळालं. स्टेशनावरची बसायची खोली, नायिका सामान घेऊन येते, कुठे जागा नाही, तेव्हा बाकावरची हिरव्या टोपीतली बाई उठते आणि म्हणते, "बसा ना. मी निघालेच होते." एवढंच. तीन आठवडे ती हे स्वयंपाकघरात म्हणत होती आणि मी प्रत्येक वेळी बसलो. चित्रीकरण झालं आणि पुढच्याच महिन्यात तिच्या छातीचं दुखणं निघालं.

आता माझी चूक सांगतो. रोज संध्याकाळी सहाला काम देणाऱ्या कचेरीत फोन करणं माझ्याकडे होतं, ती तेव्हा पाय शेकत बसायची. तिकडून बहुतेक दिवशी एकच उत्तर, आज काही नाही, उद्या विचारा. अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी सहा वाजले आणि हात आपोआप फोनकडे गेला. मी तिचं नाव सांगितलं, आणि तिकडची मुलगी म्हणाली, बरं झालं फोन केलात, आम्ही त्यांनाच शोधतोय. त्या दृश्यात नायिकेच्या चेहऱ्यावर सावली पडली आहे, तेवढा तुकडा पुन्हा घ्यायचाय. नायिका दारातून येते आणि कॅमेऱ्याजवळ हिरव्या टोपीतली व्हर्ना पाठमोरी बसलेली दिसते, तो. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण अठरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला शोधत होतं. मी म्हणालो, ती बाहेर गेली आहे, अठरा तारखेला मंगळवारी नक्की येईल.

झेल्माबाईंनी मला उभं-आडवं घेतलं. "मास्तर, मेलेल्या बाईच्या नावाने कामाचा शब्द देणारे तुम्ही पहिलेच." मग बसून रडल्या, आणि मी आता खरं सांगून टाकतो म्हटल्यावर त्यांनीच हात धरला. गेली असं कळलं तर एका वाक्यासाठी बदली बाई कोण शोधत बसणार? सरळ कात्री लावतील, आणि वाक्यही जाईल. तेव्हा त्यांनी स्वतः व्हर्नाचा पोशाख चढवून पाहिला. मागची एकही आकडी दुसऱ्या बाजूला पोचेना. नंतर (हे कृपया तुमच्या चर्चमधल्या बायकांना सांगू नका) मी चढवून पाहिला. त्या चौफेर फिरून म्हणाल्या, "खांदे चालतील. पण मान शहामृगाची आहे." त्या दिवसापासून मला झोप नाही.

असो. आपलं दुःख आपल्यापाशी. कोंबड्यांची काळजी घ्या.

आपला नम्र,
एलवुड

ता. क. सोबत आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशीचा फोटो आहे, ज्यात तुम्ही दोघी खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या आहात. गेल्या आठवड्यात मी तो भिंग घेऊन पाहिला आणि कुठली तुम्ही, कुठली ती, मला सांगता आलं नाही. शुक्रवारी निघालात तर रविवारी पोचाल. काम फक्त बसण्याचं आहे. चेहरा दिसणार नाही, तेव्हा गावात कुणाला कळायचं नाही. झेल्माबाई दिवसभर सोबत राहतील. बोलायचं काहीच नाही, ते ती बोलून गेली आहे.

दुसरा ता. क. पाकीट बंद करायच्या आधी सहा वाजले, म्हणून फोन केला. मुलीने विचारलं, बाईंना निरोप दिलात ना? मी म्हणालो, पत्र लिहिलंय. ती म्हणाली, "पत्र? राहतात कुठे तुमच्या मिसेस?" मी म्हणालो, सध्या नेब्रास्कात, बहिणीकडे. ओपलताई, आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही. एवढं एक खरं करा.