डावीकडून तिसरा डबा

प्रिय सूनबाई,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. चार महिन्यांत साधा फोन केला नाही, आणि आता लिहायला बसले तर विषय काय, तर मसाल्याच्या बरण्या. सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला, एकदा दाराची कडी बघायला आणि एकदा उगीचच. तू माझ्या नातीला, चिमणीला घेऊन माहेरी गेलीस तेव्हापासून माझं असंच चाललंय. देवापुढे हात जोडते, पण मन एका जागी ठरत नाही. तू परत येशील का, हा एकच प्रश्न या घरात सगळ्यांच्या ओठांवर आहे आणि विचारत कोणीच नाही. तुझा नवरा खाली मान घालून जेवतो, ताट उचलतो, की गेला. तुझे सासरे रेडिओचा आवाज वाढवतात.

तर बरण्या. गेल्या आठवड्यात बारा आणल्या, काचेच्या, रुंद तोंडाच्या. माझ्यासारख्या कवडीचुंबक बाईने नव्या बरण्या विकत घ्याव्यात, यावरच तुझे सासरे दिवसभर हसत होते. दुकानात मी एकेक बरणी उजेडात धरून बघितली, झाकण दहादा फिरवून बघितलं, चमचा आत जातो का तेही बघितलं. शेवटी दुकानदार म्हणाला, “काकू, बरणी घ्यायचीय की हिच्या घरी मुलगी द्यायचीय?” स्टीलचे डबे स्वस्त होते, पण आतलं दिसत नाही. प्लास्टिकला हळदीचा डाग धरतो, वासही राहतो म्हणतात. म्हणून काच. आणि काचेला उजेड लागला की मसाल्याचा रंग उडतो, म्हणून खिडकीजवळची फळी सोडून बंद दाराच्या कपाटात मांडल्या. हे सगळं तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. तेव्हा मी ऐकलं नव्हतं, असं तुला वाटलं असेल. ऐकलं होतं.

मग चिठ्ठ्या. आधी झाकणांवर चिकटवल्या. ह्यांनी लगेच टोमणा मारला, “टोपीवर नाव लिहून माणूस ओळखतात का? टोप्या बदलल्या की संपलं!” ते खरंच होतं. काढल्या, पोटावर लावल्या. भाताच्या वाफेने शाई पसरली आणि ‘जिरे’चा नुसता निळा ढग झाला. पुन्हा काढल्या. मग पेन्सिलीने लिहिलं, वरून पारदर्शक पट्टी लावली. नाव, खाली भरल्याची तारीख. तुझ्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत करतात तसं. तू म्हणायचीस ना, “आई, आमच्याकडे चिठ्ठी नसलेली बाटली आली तर आम्ही उघडतसुद्धा नाही, सरळ परत.” आणि मी म्हणायचे, “हे स्वयंपाकघर आहे बाई, दवाखाना नाही.”

माझे डबे तुला आठवतात. बिस्किटांच्या डब्यात हळद, चहाच्या डब्यात धने, पावडरच्या डब्यात ओवा. बाहेर एक, आत भलतंच. पंचवीस वर्षं मी ते काटकसर म्हणून मिरवलं. चांगला डबा टाकायचा कशाला? पण आता कागदावर खोटं लिहवत नाही. एका चिठ्ठीला कितीसे पैसे पडतात? खरं म्हणजे नावं नसली की घरातल्या प्रत्येकाला मला विचारावं लागायचं. “आई, जिरं कुठंय?” हे ऐकलं की मला बरं वाटायचं. तुझ्याकडून मी तोंडी पाठ करून घेतलं होतं, वरच्या फळीवर डावीकडून पहिला हा, दुसरा तो, तिसऱ्यात दालचिनीची पूड. आणि तू शहाण्या मुलीसारखं पाठ केलंस.

आणखी एक सांगायचं राहून गेलंय. मागच्या थंडीत मला तो मोठा ताप आला होता बघ. ताप गेला, पण नाकाची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी असेल. मग एकदा दूध करपून पातेलं काळं झालं, मी शेजारीच उभी, आणि हे बाहेरून ओरडत आले, “अगं, घर पेटवतेस का?” मी म्हटलं, डोळा लागला होता. उभ्या उभ्या! देवापुढच्या फुलांनाही वास येईना तेव्हा समजलं. कोणाला सांगितलं नाही. ज्या बाईला फोडणीचा वास येत नाही तिच्या हातात चूल कोण ठेवेल? अंदाजाने, चमचे मोजून, हाताच्या सवयीने रांधत राहिले. तुम्ही सगळे चाटूनपुसून जेवत होतात. त्यामुळे माझी हिंमत वाढली.

आता त्या दिवसाचं. दुपारी मी दोन डबे भरले, एक दालचिनीच्या पुडीचा, एक मिरपुडीचा. दळून आणलेल्या दोन्ही पुड्या कागदात बांधलेल्या, दोन्ही मळकट तपकिरी, दळणाऱ्याने वर काही लिहिलेलं नाही. पूर्वी मी नाकाला लावून क्षणात सांगितलं असतं. जिभेवर ठेवली असती तरी कळलं असतं, पण तेवढाही धीर धरला नाही. संध्याकाळी तू दमून आलीस, चिमणी तिच्या रोजच्या दालचिनीच्या दुधासाठी रडत होती, तू डावीकडून तिसरा डबा घेतलास आणि चमचाभर पूड दुधात ढवळलीस. पुढचं तुला सांगायला नको. तिचा तो खोकला, लाल झालेला चेहरा, श्वास घेताना होणारा आवाज. तुम्ही तिघं तिला घेऊन डॉक्टरकडे पळालात. घरात मी एकटी उरले.

मी तो डबा उघडला आणि चिमूट जिभेवर ठेवली. जीभ पोळली. ती मिरपूड होती. चूक माझी होती, आणि ती तिथेच कबूल केली असती तर ती चूकच राहिली असती. मी काय केलं सांगू? दोन्ही डबे कागदावर ओतले, आतून पुसले, आणि पुड्यांची अदलाबदल करून पुन्हा जागच्या जागी ठेवले. तुम्ही चिमणीला निजलेली घेऊन आलात तेव्हा तू म्हणालीस, “आई, मी तिसराच घेतला होता.” तुझ्या नवऱ्याने तिसरा डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाला, “यात तर दालचिनीच आहे की गं. घाईत होतं असं.” तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, “डबा तर रोजच्या जागी होता बाई.” तू भांडली नाहीस. आठवड्याने जाताना त्याला फक्त एवढंच म्हणालीस, “मला तुझी माफी नकोय, विश्वास हवा होता.” दाराआडून ते मी ऐकलं. तेव्हाही गप्प राहिले. रोज पोथी वाचणारी मी.

आणखी चार महिनेही कदाचित मी गप्पच राहिले असते. पण मंगळवारी तुझं पत्र आलं. तू लिहिलंस, “आई, मीच चुकले असेन, मला माफ करा. आता बाटलीवरचं नाव चारचारदा वाचते तरी खात्री वाटत नाही. रात्री झोपेतून उठून वाटतं, कुणाचं रक्त कुणाच्या नावावर घातलं. महिनाअखेरीला नोकरी सोडतेय.” ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. सूनबाई, तू राजीनामा देऊ नकोस. तुझा हात योग्य डब्यावर पडला होता. तुझी नजर, तुझी आठवण, सगळं ठीक होतं. या घरात त्या दिवशी चुकले आणि खोटं वागले ती मी एकटी. हेच पत्र मी दोनदा लिहिलंय, शब्दाला शब्द. ही प्रत आत्ता स्वतः जाऊन टपालपेटीत टाकते. परत आले की दुसरी तुझ्या नवऱ्याच्या हातात देणार आहे, तो जेवायला बसायच्या आत. तुझी प्रत आधी टाकते, कारण मला माझी ओळख आहे, त्याचा चेहरा बघून माझा धीर सुटेल आणि मी पुन्हा काहीतरी सारवासारव करेन. तू यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. तो तुझ्याकडे येईल तेव्हा, फक्त त्याच्यासाठी, दार उघड.

तू अजून आई म्हणतेस, म्हणून
तुझीच,
आई