चुकीच्या मुलीचा आवाज

प्रिय चिमणे,

तिशी ओलांडून घोडी झालीस तरी मी हेच म्हणणार, राग आला तर येऊ दे. मागे फोनवर तू म्हणालीस, तो बेटावरच्या मुलांचा जुना जपानी कार्टून सिनेमा छोटीला दाखवणार नाही आणि त्यात तिच्या आजीचा, म्हणजे माझा, आवाज आहे हेही तिला सांगणार नाही. मी ‘बरं’ म्हटलं आणि गॅस बंद करायचं निमित्त काढून फोन ठेवला. गॅस लावलेलाच नव्हता. तेव्हापासून घास गोड लागत नाही बघ.

सहा वर्षांची होतीस. ‘आज माझी आई बोलणार’ म्हणून शेजारची पोरं गोळा करून टीव्हीसमोर बसवलीस. अख्ख्या सिनेमात सावळी मुलगी एकच, ती समुद्रात सूर मारणारी. तिला बघताच टाळ्या पिटल्यास, कारण ती तुझ्यासारखी होती, माझ्यासारखी होती. मग एका गोऱ्या पोरीनं तिच्याकडे बघून तोंड उघडलं आणि माझा आवाज आला, “तू आमच्या होडीत नको.” तू माझ्याकडे वळून एवढंच म्हणालीस, “आई, तू चुकीच्या मुलीत गेलीस.”

अगं, मराठी डबिंगच्या वेळी स्टुडिओत मी आपणहून म्हटलं होतं की सावळी मला द्या. साहेब म्हणाले, तुमचा आवाज गोरा आहे बाई. आवाजालाही रंग असतो हे तेव्हा कळलं! सावळीला हवा होता घोगरा आवाज, आणि तो काढणारी माझी मैत्रीण दुधासारखी गोरी. चहा पिताना आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसण्यावारी नेलं, दुसरं काय करणार? मी नाही म्हटलं असतं तर दारात दहाजणी उभ्या होत्या.

तुला एक कधी सांगितलं नाही. पुढे ती गोरी पोर सावळीची माफी मागते आणि होडीचं सुकाणू तिच्या हाती देते. तेही मी बोलले होते. बोलताना डोळ्यांसमोर तू होतीस, गळा दाटून आला, तर साहेब म्हणाले, असंच राहू दे. पण जाहिरातींना वेळ कमी पडला आणि नेमकं तेवढंच कापलं गेलं. तुझ्या कानी पडलं ते हाकलणं. मला वाटलं, पोरं विसरतात. विसरतात कसली! त्यानंतर माझं एकही काम बघायला तू बसली नाहीस, आणि मीही तुला हाताला धरून बसवलं नाही. ही हळहळ काही जात नाही.

फोन सोडून पत्र का, तेही सांगते. माझा घसा बसलाय तो सर्दीनं नाही, मी थाप मारली. आता या घोगऱ्या आवाजावर सावळीचं काम मला न मागता मिळालं असतं! पुढच्या महिन्यात घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीव वाचेल, आवाज जाईल. हे बोलून सांगायचं मला जमलं नसतं. त्याआधी छोटीला घेऊन ये. सिनेमा नको दाखवूस. नुसतं माझ्यासमोर बसव तिला, आणि आजीचा आवाज एकदा आजीच्याच सावळ्या तोंडातून ऐकू दे.

वाट बघणारी,
तुझीच आई