माय-लेक एकत्र : चालेल

सोमवार, २ डिसेंबर २०२४. सकाळी १०.४०. अभयकुमार शेठच्या प्रकाशनात, माझ्या नव्या टेबलावर, पेन्सिलीला टोक काढत होतो.

अमळनेरहून धुळ्याला आलो आणि आल्याआल्या टेबल, पंखा, खिडकी! बारावी नापास आहे, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, हे शेठना पटलं. काम असं : जुनी कादंबरी आणि तिच्यावरून काढलेलं कॉमिक शेजारी ठेवायचं. चित्रकार तोतारामभाऊंनी कोणती पात्रं ठेवली, गाळली, एकत्र केली, ते वहीत उतरवायचं. पुढे ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ लिहायचं. ‘चालेल’ असलेलं पान छपाईला जातं.

मंगळवार, ३ डिसेंबर

पान १२ : कादंबरीत हिलाल भित्रा, त्याचा भाऊ पंडित तापट. कॉमिकमध्ये दोघांचा मिळून एक हिलाल. आमच्या बाइंडिंगलाही हिलाल आणि पंडित हे भाऊच आहेत, त्यावरून सगळे हसले.

पान २० : आई प्रमिला, मुलगी दिपमाला. कॉमिकमध्ये एकच बाई. बोलणं आईचं, वेणी मुलीची. ही तर माझ्या आईची आणि बहिणीची नावं! बहिणीच्या दाखल्यावर ‘दि’ चुकून ऱ्हस्व पडलाय. कादंबरीतही ऱ्हस्वच. फोनवर सांगितलं तर दिपमाला मागून ओरडली, मला चांगलं काढायला सांग म्हणे.

माय-लेक वेगळ्या हव्यात, असं भीतभीत म्हणालो. तोतारामभाऊंनी सगळ्यांदेखत विचारलं, दोन दोन बाया काढायला हात तू देतो का, मास्तर? शेठ बघत होते. दोन्ही पानांपुढे ‘चालेल’ लिहिलं.

गुरुवार, ५

बाइंडिंगला हिलाल एकटाच. पंडित कुठे विचारलं. कोण पंडित, सगळे म्हणाले. हिलाल थरथरत चहा ओतत होता. मग त्याच हातानं त्यानं कप भिंतीवर आपटला. पंडित आपटायचा तसाच.

घरी फोन केला. कुणी उचलत नाही.

शुक्रवार, ६. अमळनेर

पहिल्या एस.टी.नं आलो. दारात एकच बाई. हात आईचे, वेणी दिपमालाची.

“ये पोऱ्या, बठ. भाऊ, मनाकरता काय लयना?”

पोऱ्या आई म्हणते. भाऊ, माझ्यासाठी काय आणलं, असं दिपमाला विचारते. एकाच दमात —

ताटं दोन वाढली. माझं आणि तिचं. तिसरं ताट मागितलं, तर ते कुणाचं, असं तिनंच मला विचारलं.

शनिवार, ७. धुळे

‘चालेल’ खोडलं. ‘चालणार नाही’ लिहिलं, तीनदा. शेठ म्हणाले, पान छापून झालं. पाय धरले. शेवटी तोतारामभाऊ म्हणाले, दोघी वेगळ्या काढून देतो, पण चेहरे बारकाईनं लिहून दे. पाचला मशीन परत सुरू होईल.

४.३५

आई — गोल चेहरा, बसकं नाक.
दिपमाला — गोल चेहरा — नाही. खोडलं.

फोनमधले फोटो पाहिले. सगळ्यांत मी आणि ती एक —

४.५०

हनुवटीवर गोंदण. आईच्या. की दिपमालानं जत्रेत — कोणाच्या?

तोतारामभाऊ ब्रश धरून थांबलेत. म्हणतात, लिही ना मास्तर.

४.५८

दिपमालाचे डोळे आईसारखे नव्हते. ते